बघू तर खरं!

डोंबिवलीहून बोरिवलीला लग्नाला जायचं तर शहाणा माणूस दादरला गाडी बदलतो. नाना तसं करत नाहीत. ‘‘दादर काय, रोजचंच!’’ म्हणत त्यांनी आम्हा सगळ्यांना कोपरला उतरवलं, वरच्या फलाटावर नेलं आणि दिवा-वसई गाडीची वाट बघत बसवलं. या मार्गावर दिवसाकाठी गाड्या मोजक्याच.

‘‘नाना, पुढची कधी?’’

‘‘बघू तर खरं!’’

गाडी आली एकदाची. मग भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशा पाट्या नाना मोठ्यानं वाचू लागले, जणू ही स्टेशनं त्यांनीच सकाळी शोधून काढली होती. वसईला उतरल्यावर उलगडा झाला, की आता विरार-चर्चगेट गाडी पकडून बोरिवलीला उलटं यायचंय. लग्नात आमच्या वाट्याला बडीशेप आली.

हॉटेलात डोळे मिटून मेनूकार्डावर बोट ठेवायचं आणि येईल ते खायचं, हाही त्यांचाच शोध. एकदा बोट ‘पार्सलचे पैसे वेगळे पडतील’ या ओळीवर पडलं. वेटरनं निर्विकारपणे रिकामा डबा आणून ठेवला. ‘‘बघू तर खरं!’’ म्हणत नानांनी झाकण उघडलंसुद्धा. त्यांचा न्हावीही दर महिन्याला नवा. नानी म्हणतात, ‘‘नशीब, लग्न तरी एकदाच केलं!’’

भाचा बुलेटवरून लडाखला जाऊन आला. हेल्मेटला कॅमेरा, फोनवर हजारभर फोटो. नानांनी सगळे पाहिले आणि विचारलं, ‘‘आपल्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत काय आहे रे?’’ भाचा गप्प. ‘‘लोहाराची भट्टी. अजून चालू आहे.’’

आता खरं सांगायचं, तर नानांनी नोकरीची सारी वर्षं आवक-जावक विभागात काढली. गावोगावची पाकिटं त्यांच्या शिक्क्याखालून पुढे गेली, नाना मात्र रजा शिल्लक टाकून बहिणींची लग्नं करत राहिले. लडाखला जायला त्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी.

हल्ली गुडघ्यांनी संप केलाय. नाना गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकतात, ‘‘आज कुठून आलास?’’ परवा त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, ‘‘मागच्या गल्लीतून, भट्टीवरून.’’

‘‘थापा मारू नकोस,’’ नाना म्हणाले, ‘‘ती गल्ली सोमवारपासून खणून ठेवलीय. शाळेमागून फिरून यावं लागतं. उद्या तसा ये, आणि तिथं काय काय आहे ते मला सांग.’’