हात मागे बांधून घुमट करण्याची पद्धत

पहिली सूचना शिक्षकाच्या शरीराविषयी आहे. मुलांबरोबर मातीचं वाद्य करायला बसताना शिक्षकाने दोन्ही हात पाठीमागे घ्यावेत आणि तिथेच ठेवावेत. बांधून घेता आले तर उत्तम; सोलापुरात सुताची वाण नाही. कारण यथावकाश येईल.

वाद्य : घुमट. गोव्याने 2019 साली याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं, धाकटं उघडं. एका हाताने वाजवायचं, दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड सुटली आणि बकरा अडकला. 'आपल्याकडे हलगी, दिमडी असताना गोव्याचं वाद्य कशाला?' असा प्रश्न शिक्षकांच्या खोलीतून येईलच. हलगीचं कडं मातीचं करत नाहीत, एवढं उत्तर पुरे. इथल्या बाळे गावच्या खंडोबाला जाणाऱ्या घरातली पोरं दिमडी आपल्यापेक्षा बरी वाजवतात, हे खरं उत्तर स्वतःपाशी ठेवावं.

माती. मैदानातली काळी माती उकरू नये. ती पाणी पिऊन फुगते, वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, घुमटाला ती वेगळी वागणूक देत नाही. कुंभार तळ्याचा गाळ घेतो, चाळतो, भिजवतो, त्यात राख आणि लीद घालून पायाने तुडवतो. लीद भाजताना जळून जाते, मागे बारीक छिद्रं राहतात. हे सगळं आपल्याच्याने होणारं नाही. कुंभारवाड्यात जाऊन तयार माती मागावी आणि तिचे पैसे द्यावेत. 'शाळेचं काम आहे, फुकट द्या' म्हणणारे एक गुरुजी मी पाहिले आहेत. म्हणताना त्यांच्या खिशाला चारशे रुपयांचं पेन होतं.

'लीद' हा शब्द वर्गात उच्चारू नये. तास तिथेच संपतो.

घडवणं. चाक लागत नाही. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या. प्रत्येक जोडावर आधी काडीने ओरखडे, त्यावर पातळ चिखल, मग दाबायचं. नुसतं बोट फिरवून गुळगुळीत केलेला जोड पुढे उकलतो. भिंत करंगळीएवढी जाड हवी. कडक भाकरीइतकी पातळ केली तर कडक भाकरीसारखीच मोडते. मोठ्या तोंडाचा काठ बाहेर वळवावा, म्हणजे दोरी निसटत नाही. धाकटं तोंड बरीच मुलं बुजवून टाकतात, कारण मडक्याला बूड असतं हे त्यांना जन्मापासून ठाऊक असतं. तेव्हा सांगावं. तोंडाने सांगावं.

कारण इथेच पहिली सूचना मोडते. तिसरीतल्या मुलीचं घुमट एका बाजूला कललेलं असतं. सरांचा हात शिवशिवतो. "आण गं इकडे, नीट करून देतो." दोन मिनिटांत घुमट सरळ होतं आणि सरांचं होतं. मुलगी उरलेला तास खिडकीबाहेर बघते. प्रदर्शनात त्याच घुमटाचा पहिला नंबर येतो, आणि पाहुणे तिच्या पाठीवर थाप मारतात तेव्हा ती सरांकडे पाहते. चाळीस घुमटं ओळीने सरळ मांडलेली दिसली की मी समजतो : इथे मुलं चाळीस, कारागीर एकच. अहो, कललेलं घुमटही तितकंच वाजतं! आवाज ठरवतात आतली पोकळी, मागचं तोंड आणि वरचा ताण. कल कुठे मोजलाय त्यात?

मुलांच्या आपसातल्या मार्गदर्शनात पडू नये. "काय कराल्लास बे, फुटंल की!" हा सल्ला बहुतेक वेळा अचूक असतो, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत एकाच बाकावर मिळतो.

वाळवणं. सोलापूरच्या उन्हात पापड वाळवावेत. घुमट सावलीत, ओलं गोणपाट टाकून, आठवडाभर ठेवावं; काठ आधी वाळला आणि पोट मागे राहिलं की काठ चिरतो. याच आठवड्यात 'उपक्रमाचे फोटो आजच पाठवा' असा निरोप येतो. फोटोसाठी ओली घुमटं उन्हात मांडायला लावणाऱ्यांविषयी आणखी लिहिलं तर मार्गदर्शनाची भाषा सुटेल.

भाजणं. शाळेत भाजू नये. कुंभाराच्या आव्यात सुरुवातीची आच मंद असते. ओल राहिलेलं भांडं वाफेने फुटतं. आवा उघडल्यावर कुंभारीणबाई एकेक घुमट उचलून टिचकी मारतात. खणखणीत वाजलं तर साबूत, बद्द वाजलं तर आत चीर. मुलांना अख्ख्या उपक्रमात हेच सर्वांत आवडतं. पुढचे काही दिवस शाळेतल्या प्रत्येक वस्तूला टिचक्या बसतात, मुख्याध्यापकांच्या कपासकट. बसू द्याव्यात. बाईंनी न बोलता शिकवलेलं आहे ते.

मढवणं. कातडं रात्रभर भिजवून ओलंच ताणून बांधतात, वाळलं की आवळतं. काही घरांतून वासाची तक्रार येते. मग मोठा फुगा कापून ताणावा आणि सायकलच्या ट्यूबचं कडं काठाखाली बसवावं. किंवा मांजरपाटाला खळीचे तीन थर द्यावेत, प्रत्येक थर वाळू देऊन. खळ कशी शिजवायची हे इंटरनेटवर शोधू नये; या गावात ते सांगणारी आजी गल्लीत सापडते, आणि विचारल्यावर तिला बरंही वाटतं. फुग्याचा आवाज मुलांना आवडतो, मांजरपाटाचा मला. मतदान घेऊ नये.

वाजवणं. इथे मार्गदर्शनाची गरज नसते. शेजारच्या वर्गात गणित शिकवणाऱ्या सरांची आगाऊ माफी मागावी.

वाटप. घुमटं शनिवारी शाळा सुटताना घरी द्यावीत, म्हणजे रविवार पालकांच्या वाट्याला जातो. सोमवारी तक्रारी ऐकून घ्याव्यात. फुगा फाटणारच आहे, तेव्हा प्रत्येकाच्या दप्तरात एक जादा फुगा घालून ठेवावा. पालकांना सांगू नये.