तेव्हा हे नव्हतं!

मजेचं काहीही ठरलं की त्याची नियमावली करणारे एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. आमच्या डोंबिवलीत हे काम नाना करतात. खाजगीत आम्ही त्यांना 'कालनिर्णय' म्हणतो.

यंदा चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी 'रेट्रो नाइट' करायचं ठरलं. सत्तरचं दशक. बेलबॉटम, मोठाले गॉगल, चार गाणी, पावभाजी, की झालं. पण नाना म्हणाले, "सत्तरचं दशक म्हणजे नेमकं कुठलं साल?" कुणीतरी कंटाळून 1975 म्हणालं आणि तिथेच आम्ही फसलो.

बी विंगच्या वहिनींनी 'उमराव जान'चा घेरदार ड्रेस शिवायला टाकला होता. नाना म्हणाले, "1981. तेव्हा हे नव्हतं." सी विंगचा 'डॉन' गेला, तो 1978 चा. स्टेजमागे टीव्ही ठेवा, पण रंगीत नको. रंग आला 1982 साली. मुलांची मॅगी 1983 ची, म्हणून तीही रद्द. कोका-कोला चालेल, कारण ती देश सोडून जाणार 1977 साली. मात्र काचेच्याच बाटलीतून. भिंतीवर काय लावायचं असा प्रश्न निघाला तेव्हा मी मुद्दाम 'कालनिर्णय' सुचवलं. "लावा," नाना गंभीरपणे म्हणाले, "1973 पासून आहे." आपलं टोपणनाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याचा पत्ता मात्र लागू दिला नाही.

खरा भडका उडाला तो गब्बरवरून. चौघांनी भाड्याने पट्टे आणले होते, एकाने तर महिनाभर दाढी राखली होती. नानांनी चष्मा पुसला. "आपला कार्यक्रम चौदा ऑगस्टला. 'शोले' लागला पंधरा ऑगस्टला. गब्बर उद्या."

चौघेही उसळले. सेक्रेटरी म्हणाले, मतदान घेऊ या.

"1975 चा ऑगस्ट आहे," नाना म्हणाले. "आणीबाणी लागून दीड महिना झाला. मतदान कसलं घेताय?"

शेवटी गब्बरांनी शर्टाच्या टोकांना गाठी मारल्या आणि ते 'दीवार'मधले गोदी कामगार झाले. तो सिनेमा जानेवारीतच लागला होता. दाढीवाल्याला दाढी करून यावं लागलं.

नाना स्वतः काय होऊन येणार, याची सगळ्यांना उत्सुकता. राजेश खन्नाचा गुरू कुर्ता घालतील, अशी पैजही लागली होती. आले ते निळ्या अर्ध्या चड्डीत. एका हातात रॉकेलचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात रेशनकार्ड.

"मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "बेलबॉटम बघितली ती थेटरच्या पोस्टरवर. बाकी वेळ रांगेत."

मग त्यांनी लिंबू सरबताच्या टेबलापुढे मुलांची रांग लावली. पुठ्ठ्याची रेशनकार्डं घरूनच करून आणली होती. आपल्या नंबरावर डबा ठेवून खेळायला कसं पळायचं, मधे घुसणाऱ्याला कुठल्या आवाजात हटकायचं, 'माल संपला' ऐकल्यावर घरी काय सांगायचं, असं सगळं शिकवलं. मुलांनी डान्स सोडला आणि सरबत पिऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. आता हे कबूल करणं जिवावर येतं, पण त्या संध्याकाळी 1975 साल आमच्याकडे आलं असेल तर ते त्या रांगेत. बाकी आम्ही सगळे भाड्याचे कपडे घालून उकाड्याने हैराण झालो होतो. एवढी वर्षं या माणसाला एक साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता, की नाना, तेव्हा काय होतं?

पावभाजी वाढायला घेतली आणि पावसाने लाइट गेले. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. अंधारात समितीचा उद्धार सुरू झाला, गोदी कामगार वायरमनच्या नावाने ओरडू लागले. तेवढ्यात सरबताच्या टेबलामागून नानांचा आनंदाने फुटलेला आवाज आला.

"हे होतं! हे अगदी अस्सं होतं!"