सर ड्यूटीवर आहेत

बास्केटबॉलच्या सरांना भेटायचं असेल तर बास्केटबॉलच्या कोर्टावर जाऊ नये. जून-जुलैत ते प्रवेशाच्या रांगेवर असतात. पंधरा ऑगस्टला संचलन, गणपतीत मिरवणुकीतली पोरं कुठल्या गाण्यावर नाचतायत यावर लक्ष, दिवाळीच्या आधी परीक्षेचं स्क्वाड, डिसेंबरात गॅदरिंगचं गेट. निवडणूक लागली की कुठल्यातरी झेडपीच्या शाळेत मतदानयंत्राशेजारी सतरंजीवर झोपलेले सापडतात. मोशी, चिखली, भोसरीपासून थेट चाकणपर्यंत कुठल्याही लहान कॉलेजात जा, असे एक सर आहेतच. कागदोपत्री त्यांना ‘शारीरिक शिक्षण संचालक’ म्हणतात, पोरं ‘पीडी सर’ म्हणतात आणि प्राचार्य म्हणतात, “अहो, त्यांना सांगा ना, ते मोकळेच असतात.”

सरांची उंची पाच फूट चार इंच. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर, म्हणजे बरोबर दहा फुटांवर असते. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सरांची नोकरी झाली. मूळचे ते खो-खोचे. आगाशे कॉलेजात बी.पी.एड. केलं आणि पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जाऊन 1982 साली महापालिका झाली, त्यानंतर तीन-चार वर्षांत इकडे चिकटले. संस्थेच्या आवारात कुणा देणगीदारानं बास्केटबॉलच्या दोन रिंगा लावून दिल्या होत्या. रिंगा आहेत म्हणजे खेळ आहे आणि खेळ आहे म्हणजे कोच पाहिजे, या न्यायानं सर बास्केटबॉलचे झाले. मग एका उन्हाळ्यात पतियाळाला जाऊन सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून आले. त्या सहा आठवड्यांच्या आठवणी तीसेक वर्षं पुरल्या. टीम तीस पॉइंटांनी हरली की सर टॉवेल खांद्यावर टाकतात आणि सुरू करतात, “आम्ही पतियाळाला असताना...” पोरं तेवढ्यात बुटांच्या नाड्या सोडून घेतात.

कोर्टाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. नियमाप्रमाणे कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं. सरांचंही तसंच होतं. पुढे स्टाफच्या दुचाक्यांसाठी पत्र्याची शेड आली आणि एका बाजूची बेसलाइन शेडच्या आत गेली. त्या बाजूला लेअप मारणारा पोरगा प्राचार्यांच्या अॅक्टिव्हावर जाऊन थांबतो. कॉलेजच्या पोरांना हे ठाऊक असल्यामुळे ती वेळेवर ब्रेक मारतात. पाहुण्या टीमला ठाऊक नसतं. सरांच्या मते होम ग्राउंडचा फायदा म्हणतात तो हाच.

रिंग माजी विद्यार्थ्याची. भोसरी एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. पहिली रिंग गंजून गळून पडली तेव्हा सर स्वतः मोटारसायकलवर माप घेऊन गेले. पोरानं वीस एमएमची सळई वाकवून अशी वेल्डिंग केली, की भूकंपात कॉलेज पडेल पण रिंग हलणार नाही. तिच्यावर आपटलेला बॉल थेट हाफलाइनला येतो. बोर्ड चाकणहून आला. परदेशातून मशीन ज्या लाकडी खोक्यात आली, त्याच्या फळ्या दुसऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं गेटपास करून पाठवल्या. रंग दिला तरी पावसाळ्यानंतर आतला ठसा वर येतो, काचेचा पेला आणि वर दाखवणारा बाण. नवीन पोरांना सर सांगतात, “त्या पेल्याच्या देठावर नेम धर, बॉल आत जातो.” आणि जातो.

आता रेषा. 1984 साली जागतिक संघटनेनं तीन पॉइंटची रेषा आणली, रिंगपासून 6.25 मीटरवर. सरांनी कॉलेजात आल्या आल्या खिळा, सुतळी आणि चुना घेऊन ती आखली. 2010 मध्ये संघटनेनं ती 6.75 मीटरवर नेली. फरक अर्ध्या मीटरचा, पण त्यासाठी रंग लागतो, रंगासाठी कोटेशन, कोटेशनसाठी खरेदी समितीची सभा. सभेत एका प्राध्यापकांनी विचारलं, की जुनी रेषा खराब झाली आहे का? झाली नव्हती. विषय पुढच्या सभेवर गेला. कॉलेजात रंग फक्त नॅकची समिती येणार असली की निघतो, म्हणजे पाचेक वर्षांतून एकदा. तेव्हा निघाला. पेंटरनं नवी रेषा आखली आणि जुनीही तितक्याच प्रेमानं उजळली, कारण सर त्या दिवशी समितीतल्या मंडळींना आणायला लोहगाव विमानतळावर गेले होते. तेव्हापासून कोर्टावर दोन रेषा आहेत. 2000 साली दोन हाफचे चार क्वार्टर झाले, तीस सेकंदांचे चोवीस झाले, त्याला मात्र रंग लागत नव्हता म्हणून ते बदल लगेच लागू झाले. सर अजून ‘सेकंड हाफ’च म्हणतात.

पोरं कुठून यायची हे पाहिलं तर या सगळ्या पट्ट्याचा इतिहास बेंचवर बसलेला दिसतो. सुरुवातीला टेल्को आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधल्या कामगारांची पोरं. वक्तशीर, शिस्तीची, आणि हक्कांविषयी जागरूक. सरांनी पाच फेऱ्या जास्त सांगितल्या की कॅप्टन चर्चेला यायचा. 1989 साली टेल्कोचा लढा पेटला आणि कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हा ‘रोज दोन अंडी खात जा’ हे वाक्य सरांनी त्या सीझनपुरतं बंद ठेवलं.

मग 1999 मध्ये चाकणला बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा, आणि कांद्या-बटाट्याच्या रानातून रस्ते निघाले. खेड तालुक्यातली पोरं आली. अंगानं भक्कम, दमाची, आणि कबड्डीत वाढलेली. समोरचा ड्रिबल करत अंगावर आला की त्यांचे हात आपोआप त्याच्या मांडीला जायचे. सर बाहेरून ओरडायचे, “अरे सोड त्याला! पकड नसते यात!” पोरगा पकड सैल न करता विचारायचा, “आवं पण सर, त्यो आपल्या हद्दीत आलाय ना!”

त्यांच्या पाठोपाठ गुंठामंत्र्यांची मुलं. यांना दम कमी, पण गाडी स्वतःची, त्यामुळे टीमच्या प्रवासाचा प्रश्न मिटला. अडचण एवढीच, की अंगावर दागिने घालून खेळता येत नाही. सामन्याआधी पंच खूण करतात आणि गळ्यातल्या साखळ्या, हातातली कडी, अंगठ्या सगळ्या सरांच्या ट्रॅकसूटच्या खिशात जमा होतात. त्या काळात सर सामना बसूनच बघायचे. पंचांचा निर्णय कितीही चुकला तरी उठायचे नाहीत. खिशात तीस-चाळीस तोळे घेऊन वाद घालायला जाणारा माणूस त्यांना वेडा वाटायचा.

आणि आता बीड, लातूर, नांदेडहून आलेल्या, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कंत्राटी कामगारांची पोरं. त्यातली निम्मी स्वतःही कंत्राटावर. सकाळी कॉलेज, दुपारी सेकंड शिफ्ट. म्हणून प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला. नाईट करून सरळ येणारे सेफ्टी शूजवरच उतरतात. त्या बुटाखाली समोरच्याचा पाय आला की फाउल द्यायचा की अॅम्ब्युलन्स बोलवायची, हे पंचांना कळत नाही. सरांची सगळी रणनीती कंपनीच्या बसवर बेतलेली असते. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये आघाडी घ्यायची, कारण चौथ्या क्वार्टरमध्ये टीमचा सेंटर नाशिक फाट्यावर बसची वाट बघत उभा असतो. पुण्याच्या कॉलेजांचे कोच फळीवर खडूनं डावपेच काढतात. आमच्या सरांच्या वहीत शिफ्टचं रोस्टर असतं.

एका वर्षी पहिल्या फेरीत फारच वाईट हरले. एक माजी विद्यार्थी क्वालिटीत मोठ्या पदावर होता. तो म्हणाला, “सर, आमच्यात पार्ट रिजेक्ट झाला की व्हाय-व्हाय करतात. आपण करू.” जिमखान्यात फळा लावला. का हरलो? रीबाउंड मिळाले नाहीत. का? उंची नव्हती. का? उंच पोरं व्हॉलीबॉलला गेली. का? व्हॉलीबॉलच्या सरांनी त्यांना प्रवेशाच्या रांगेतच गाठलं. मग आपले सर तेव्हा कुठे होते? सर त्या वर्षी पार्किंगला होते. पाच ‘का’ पूर्ण झाले. पोरानं खाली ‘सुधारणेची जबाबदारी’ असा रकाना आखला आणि सरांनी त्यात प्राचार्यांचं नाव लिहून लगेच पुसलं.

प्राचार्यांशी सरांचं एकदाच वाजलं, तेही फार सभ्यपणे. वार्षिक अहवालात ‘क्रीडा’ या मथळ्याखाली काय लिहायचं, यावरून. सरांनी पुस्तक पुढे केलं. खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वरिष्ठांनी त्याला सांगितलं, की थंडीत पोरं आत बसून दंगा करतात, दोन आठवड्यांत काहीतरी खेळ काढ. म्हणजे तीही ड्यूटीच. त्यानं पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपल्यांना बूड होतं, बॉल आत पडला की कुणीतरी शिडी लावून काढायचा. (आमच्याकडे बॉल पार्किंगच्या पत्र्यावर जातो आणि शिपाईमामा शिडी लावतात, म्हणजे परंपरा अजून आहे.) पुढे 1898 मध्ये हाच नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेला, तो प्रार्थनासभा सांभाळायला आणि व्यायाम शिकवायला. जोडीला टीम. तिथे तो 55 सामने जिंकला आणि 60 हरला. त्या विद्यापीठाच्या आजवरच्या कोचांमध्ये विजयापेक्षा पराभव जास्त असलेला तो एकटाच.

प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “पण सर,” ते म्हणाले, “त्यांनी निदान शोध तरी लावला होता.”

तरीही जिमखान्याच्या भिंतीवर एक विजय फ्रेममध्ये आहे. 20-0. बघणारा चाट पडतो. बास्केटबॉलमध्ये समोरच्याला एकही पॉइंट नाही? असली संरक्षण फळी कुठून आणली? सर नुसते हसतात. झालं असं होतं, की पाहुण्या टीमची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली. वेळ होऊन गेल्यावर पंधरा मिनिटांत पाच खेळाडू उभे करता आले नाहीत तर नियमाप्रमाणे सामना 20-0 ने समोरच्याला मिळतो. त्या पंधरा मिनिटांत सर एकदा घड्याळाकडे आणि एकदा रस्त्याकडे बघत होते. स्वतःच्या नोकरीत त्यांनी चौकातल्या त्या कोंडीला अगणित शिव्या घातल्या असतील, पण त्या दिवशी नाही.

सामन्याचं एक वेळ जमतं, हिशेबाचं जमत नाही. बारा खेळाडूंना बारा वडापाव आणि चहा. 2017 नंतर ऑफिस म्हणतं, जीएसटीचं बिल आणा. वडापाववाला म्हणतो, हे काय असतं? मग सर स्वतः व्हाउचर लिहितात, वर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवतात, मामांची सही घेतात आणि ऑफिस ते परत पाठवतं, कारण ‘चहा’ दोनदा लिहिलाय. शेवटी पैसे खिशातून जातात. घरी काकूंना ही रक्कम ‘पतसंस्थेचा हप्ता’ म्हणून माहीत आहे. काकूंना खरं काय ते पहिल्यापासून माहीत आहे. मॅचच्या दिवशी त्या शिरा डब्यात भरून देतात तो काही पतसंस्थेसाठी नव्हे.

पालक वर्षातून एकदा येतात, बारावी-पदवीच्या निकालाच्या आसपास. “सर, सर्टिफिकेट मिळेल ना? ते पाच टक्क्यांचं?” सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणाबद्दल त्यांनी ऐकलेलं असतं. त्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळीवर काहीतरी जिंकावं लागतं, पहिल्या फेरीत हरल्याचं सर्टिफिकेट चालत नाही, हे सर इतक्या आडवळणानं सांगतात की बाप खूश होऊन जातो. मग आठवड्याभरानं सर कुणाला तरी फोन लावतात, “बाळा, एक पोरगा पाठवतोय. शूटिंग बेकार आहे, पण पहाटे साडेपाचला कधी चुकला नाही.” या एवढ्या वाक्यावर भोसरीत, महाळुंग्यात, चाकणमध्ये किती पोरं कामाला लागली याची नोंद कुठल्याच अहवालात नाही. कंपनीच्या गेटवर सरांची जुनी मोटारसायकल दिसली की सिक्युरिटीवाला रजिस्टर पुढे करण्याऐवजी उभा राहतो. तो नव्वद-एक्क्याण्णवचा पॉइंट गार्ड असतो.

सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला तीनशे खुर्च्या मागवायच्या होत्या. मंडपवाल्याचा नंबर फक्त सरांकडे होता.

त्यांच्या जागी कायमचं कुणी भरलं नाही. तासिका तत्त्वावर एक तरुण आला आहे. उंच, चुणचुणीत, व्हॉलीबॉलचा. पहिल्या आठवड्यात त्यालाही प्रवेशाच्या रांगेवर उभं केलं आणि तिथे त्यानं सहा फुटांची दोन पोरं हेरली. आता ती बास्केटबॉलला द्यायची की व्हॉलीबॉलला, हा त्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. सर सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि साडेपाचला कोर्टाच्या कठड्यावर येऊन बसतात. मुलाखतीत न विचारलेले सगळे प्रश्न तो तरुण त्यांना विचारतो. जिमखान्याची डुप्लिकेट किल्ली कुणाकडे असते, मामांना चहा केव्हा पाजायचा, अॅडव्हान्स कुठल्या कारकुनाकडे मागायचा.

परवा स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, “सर, या दोन रेषांपैकी तीन पॉइंटची खरी कुठली धरायची? आतली की बाहेरची?”

सरांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “आधी सांग, बॉल कुणाच्या हातात आहे?”