म्युनिकहून, शनिवारी घाईघाईत

ती. सौ. आई व ती. बाबा यांस,


आई, तुझ्या परवाच्या फोनवर सुमेधा अजून हसतेय. व्हिडिओ कॉलवर मी कणीक तिंबताना काय दिसलो, तू लगेच शालूमावशीला कळवलंस. म्हणजे एव्हाना सांगलीभर झालं असणार. तिला सांग, सुनेनं मला कामाला लावलेलं नाही. सुमेधाची शनिवारी ड्यूटी असते आणि मला भूक रोज लागते, एवढंच. शिवाय तुझा राग कणकेचा नव्हताच. "कुणा बाईचं बघून पुरण करतोस म्हणे?" हे तू ज्या सुरात विचारलंस, त्या सुरात पूर्वी बाबांना ऑफिसातल्या टायपिस्टबाईंबद्दल विचारायचीस.

पण मी तरी काय करू? किती घालू विचारलं, की तू म्हणतेस, "घाल अंदाजानं." किती वेळ ठेवू? "होईस्तोवर." झालं ते कसं कळणार? "कळतं!" मग व्हिडिओतली बाईच बघावी लागते. त्या बायाही काही कमी नाहीत हं. निम्म्या जणी आधी स्वयंपाकघराच्या नव्या फरशा दाखवतात. काहींची पोळी तव्यावर पडते ती फुगलेलीच. मधलं सगळं कापून टाकलेलं, आणि नेमकं तेच मला हवं असतं. अमेरिकेतल्या बायका ओव्हन ३५० वर ठेवायला सांगतात ते फॅरनहाइट. आमचा बिचारा २५० सेल्सिअसला दमतो. आता माझी परीक्षा ठरलीय. पदार्थ कुठं बिघडतो ते जी सांगते, ती खरी. शिट्ट्या मोजणारीपेक्षा "पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे" म्हणणारी केव्हाही बरी.

कारण इथं शिट्ट्यांचा भरवसाच नाही. म्युनिकचं पाणी इतकं जड, की किटलीत पांढरा थर धरतो. त्या पाण्यातल्या कॅल्शियमनं डाळ मऊच होत नाही. हरभराडाळ सासरी रुसलेल्या जावयासारखी बसून राहते. इथंच राहणाऱ्या एका कोल्हापूरच्या बाईंनी लिहून ठेवलंय, चिमूटभर खायचा सोडा घाला. घातला, आणि डाळ सुटली. पिठालाही इथं बससारखे नंबर. ४०५ म्हणजे आपल्या मैद्याजवळचं, १०५० जरा कोंड्याचं. शंभर ग्रॅम पीठ जाळलं की जितके मिलिग्रॅम राख उरते, साधारण तो त्याचा नंबर. बाबांना हे आवडेल. श्रीखंड मात्र बसल्या जागी होतं. क्वार्क म्हणून मिळतं, ते चक्क्याच्या भावासारखं, फडकं टांगायची भानगड नाही.

(थांब, कपडे वाळत घालून येतो.)

हां. तर कृती मिळाली म्हणजे पदार्थ करता येतो असं समजू नकोस. इथं रविवारी आवाज करायचा नाही. गवत कापायचं नाही, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या खळ्ळकन वाजतात. गेल्या महिन्यात रविवारी सकाळी चटणीसाठी खोबरं मिक्सरला लावलं. तूच दिलेला मिक्सर, ज्याच्या आवाजावरून जोशीकाकूंना आपल्याकडं आज इडली आहे हे कळायचं. भांडं उतरवेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. रागावल्या नाहीत. "आज रविवार आहे," एवढंच म्हणाल्या, ते जास्त लागलं. मी तणतणत नियम शोधायला बसलो, तर गाडी थेट राज्यघटनेवर! १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १३९, रविवार विश्रांतीसाठी राखलेला. १९४९ ला नवी घटना केली तेव्हा ते जसंच्या तसं आत घेतलं. म्हणजे माझ्या चटणीच्या आड अख्ख्या देशाची घटना. बाबा, सोसायटीच्या मीटिंगांत तुम्ही जन्मभर भांडलात, पण इतक्या वर कधी गेला नाहीत. दुकानंही रविवारी बंद. त्यामुळं रविवारच्या इडलीचा विचार शुक्रवारी, नारळ शनिवारी आणि वाटण शनिवारी रात्री दहाच्या आत, कारण दहानंतर परत शांतता. भूक लागल्यावर कृती शोधायची, ही चैन तुमच्याकडं.

तुझं पार्सल मिळालं. गोडा मसाला उघडला आणि ईरा म्हणाली, "आजीच्या घराचा वास!" तूप मात्र पाठवू नकोस, दुधाचं काहीही असं पोस्टानं इथं यायला बंदी आहे. बंड्याचं जमलं हे फारच छान झालं. मुलगी बंड्याला हो म्हणाली, म्हणजे स्वभावानं गरीब असणार. नानाकाकांचा बांधाचा दावा याही तारखेला पुढं गेला, हे न सांगताही कळलं असतं.

आणि एक. ज्या बाईचा तुला राग आला ना, तिच्या व्हिडिओत पुरण घोटताना मागनं भंगारवाल्याची हाक येते. तेवढा तुकडा मी मागं नेऊन नेऊन ऐकतो. पुरण तोवर पाठ झालेलं असतं.

बाबांना एक काम. अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा. आपली आमटीची वाटी केवढी, ते खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून कळवा. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्येच 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं छापून दिली होती. आपल्याकडं त्या पुस्तकात लाइटची बिलं ठेवली जातात.

तुमचा,
बाळू

ता. क. शालूमावशीचा कटाच्या आमटीचा व्हॉइस मेसेज आला. बराच मोठा आहे. आमटी अगदी शेवटी येते, त्याआधी नानाकाकांच्या सुनेचं सगळं. चिंच कधी घालायची ते राहिलंच. तिला म्हणावं, परत पाठव, पण या वेळी बंड्याच्या सासूपासून सुरू कर.