दोन की चार?

(माण, हिंजवडी फेज तीन. कंपनीच्या गेटाबाहेरची टपरी. दोनवाला, चारवाला, लीड मॅडम आणि बाकड्याच्या टोकाला वडापाव खाणारा इंटर्न.)

दोनवाला : हॅस्केलच्या कोडला ऑर्मोलू फॉर्मॅटर लावा आणि विषय संपवा. दोन स्पेसचा इंडेंट, सेटिंगची भानगड नाही.

चारवाला : दोन स्पेस? भिंग घेऊन बसू का? फोरमोलू घ्या. त्याच ऑर्मोलूचा फोर्क, पण चार स्पेस, आणि हवं ते बदलता येतं.

मॅडम : हॅस्केलमध्ये इंडेंट हलला की अर्थ हलतो. फॉर्मॅटरनंच कोड बिघडवला तर?

दोनवाला : ऑर्मोलू आधीचा आणि नंतरचा सिंटॅक्स ट्री ताडून बघतो. जुळला नाही तर सरळ एरर देतो.

चारवाला : फोरमोलूही तेच करतो.

मॅडम : मग भांडण कशाचं?

दोनवाला : कॉमाचं. हे लोक नवी ओळ कॉमानं सुरू करतात! शाळेत असतो तर छडी खाल्ली असती. ऑर्मोलूत कॉमा ओळीच्या शेवटीच असतो.

चारवाला : सेटिंग बदललं की फोरमोलूतही कॉमा ओळीच्या शेवटी नेता येतो.

मॅडम : बरं, फोरमोलू. सेटिंगची फाइल कोण लिहिणार?

दोघं (एकदम) : मी!

मॅडम : म्हणजे इतके दिवस कोडवरून भांडलात, आता सेटिंगवरून भांडणार. तीन ओळींचा पीआर आठवडाभर लटकलाय. इथून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोची २३ स्थानकं ठरली, तुमचा एक इंडेंट ठरेना!

टपरीवाला : मॅडम, आपल्याकडं ग्लास एकाच मापाचा. त्याला जास्त, मला कमी, ही कटकटच नाही.

मॅडम : ऐकलंत? ऑर्मोलू. जो कुणाचंच ऐकत नाही, तोच बरा.

चारवाला (नाइलाजानं) : ठीक आहे. पण आख्खा प्रोजेक्ट फॉर्मॅट करून कमिट कोण टाकणार?

(दोघंही चहात डोकं घालतात.)

दोनवाला : इंटर्न टाकेल. शिकायला मिळेल त्याला.

इंटर्न : टाकतो सर! पण मग गिट ब्लेममध्ये जिथंतिथं माझंच नाव येईल ना?

चारवाला : येईल की.

इंटर्न : म्हणजे तुमचे जुने बग...

दोनवाला : नाव तर तुझंच दिसणार.

मॅडम : अरे, २०१९ पासून गिटमध्ये सोय आहे. अशी कमिट एका फाइलीत नोंदवली की ब्लेम तिला वगळतो. दोन मिनिटांचं काम.

दोघं (आज पहिल्यांदाच एकमतानं) : पुढच्या स्प्रिंटला बघू!