यादीत येऊ इच्छिणाऱ्या सर्व चित्रपटांस अनावृत पत्र

प्रति,
‘पाहायचे चित्रपट’ या यादीत जागा मिळावी म्हणून रांगेत उभे असलेले सर्व चित्रपट
(देशी, परदेशी, मूक, बोलके आणि अडीच तासांहून लांब)

विषय : यादीत प्रवेश मिळणे म्हणजे पाहिले जाणे नव्हे, याबाबत खुलासा.

महोदय, महोदया,

आपले अर्ज पोचले. काही थेट आले, काही वशिल्याने. वशिला म्हणजे बहुधा कॉलेजातला एखादा मित्र, जो रात्री साडेअकराला ‘हा चुकवू नकोस’ एवढंच लिहून आपलं नाव पाठवतो आणि झोपून जातो. त्याने स्वतः पाहिला आहे का, असं विचारायची पद्धत नाही. आमची निवड समिती एकसदस्यीय आहे. तिची बैठक अंथरुणात, फोन नाकाशी धरून भरते आणि गणसंख्येची अडचण नसल्यामुळे सगळे ठराव जागीच मंजूर होतात. आजवर एकही अर्ज फेटाळलेला नाही. तरीही ‘यादीत घेतलं, पण पाहतंय कोण?’ अशी कुजबुज आपल्यापैकी काहींनी चालवल्याचं समितीच्या कानावर आलं, म्हणून हा पत्रप्रपंच.

यादीत घेणं आणि पाहणं ही दोन वेगळी खाती आहेत. पहिलं खातं माझ्यातला सुसंस्कृत माणूस सांभाळतो. दुसरं खातं रात्री जेवून सोफ्यावर आडव्या झालेल्या माणसाकडे आहे. दोघांचं आपसात फारसं बोलणं नाही आणि त्यांनी बोलावं अशी समितीचीही इच्छा नाही. ही काही आमच्या घरची खास तऱ्हा नव्हे. रीड, लोवेनस्टाइन आणि कल्याणरामन या संशोधकांनी १९९९ साली छापलेल्या एका अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या दिवसांसाठी चित्रपट निवडायला सांगितलं होतं. लगेच पाहायचा म्हणून लोकांनी हलकेफुलके उचलले, पुढच्या दिवसांसाठी मात्र ‘शिंडलर्स लिस्ट’च्या वजनाचे. दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या एका डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या नोंदी कुणी तपासल्या, तर ‘पाहायला हवेत’ असे चित्रपट ‘पाहावेसे वाटतात’ अशा चित्रपटांपेक्षा गिऱ्हाइकांच्या घरी जास्त दिवस पडून राहत होते. तेव्हा आपल्याला मिळणारी वागणूक विद्वन्मान्य आहे, एवढं ध्यानात घ्यावं.

आता परदेशी अर्जदारांविषयी. आपल्यापैकी बरेच जण ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाचं शिफारसपत्र जोडतात. हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ज’ वर होता, मग १९६२ ते २००२ अशा पाच खेपा ‘सिटिझन केन’ने खुर्ची सोडली नाही, २०१२ साली ‘व्हर्टिगो’ आला. समितीने हे तिघेही विनाचौकशी घेतले होते. २०२२ साली पहिल्या क्रमांकावर शांताल आकरमान यांचा १९७५ सालचा ‘जान डीलमान’ आला. मागच्या खेपेस तो पहिल्या तिसांतही नव्हता. समितीने त्याचं नाव त्या सकाळीच प्रथम ऐकलं आणि दुपारच्या चहापर्यंत आपण तो कित्येक वर्षं मानत आलो आहोत असा चेहरा करून टाकला. त्याच यादीत आपला ‘पथेर पांचाली’ ३५ वा आहे. याचा आम्हांला फार अभिमान वाटतो. तोही पाहायचा आहे.

‘जान डीलमान’बाईंनी मात्र रागावू नये. आपण तीन तास एकवीस मिनिटांच्या आहात. ब्रसेल्समधली एक विधवा बाई तीन दिवस घर सांभाळते, बटाटे सोलते, भांडी घासते, बिछाना आवरते, आणि कॅमेरा हलत नाही, एवढं समितीने वाचून ठेवलं आहे. ही हकीकत घरी सांगितली तेव्हा ‘बाई स्वयंपाकघरात राबते, यात पाहण्यासारखं काय?’ असा सवाल बाहेरच्या खोलीतून काकांनी केला. काकू तेव्हा आत गवार मोडत होत्या. त्यांनी काहीच म्हटलं नाही. चित्रपट न पाहता समितीला त्याचा जेवढा अर्थ कळायचा तेवढा तिथेच कळला, त्यामुळे आपली निकड आणखी कमी झाली.

बेला टार यांच्या ‘सातांतँगो’चं प्रकरण वेगळं. हा अर्जदार सात तासांहून लांब आहे आणि आरंभी बराच वेळ त्यात नुसती गुरं चालताना दिसतात, अशी त्याची ख्याती. त्यासाठी आधी गणपतीची सुटी राखून ठेवली होती, मग दिवाळीची, आता निवृत्तीची राखली आहे. यादीत तो सगळ्यांत वर ठेवला आहे, कारण कुणी फोन मागून घेऊन यादी चाळली तर पहिलं नाव तेच दिसावं. एवढा वेळ कुणाकडे असतो, असं कृपा करून विचारू नये. मागच्या पावसाळी रविवारी एका खुनाच्या मालिकेचा अख्खा हंगाम याच सोफ्यावर संपला. खुनी दुसऱ्या भागातच कळला होता. पण ते खातं माझ्याकडे नाही.

मराठी अर्जदारांसाठी जागा राखीव आहेत. ‘कोर्ट’, ‘कासव’, ‘किल्ला’ ही मंडळी आल्या आल्या आत घेतली गेली. ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो नेटफ्लिक्सवर, म्हणजे उशाशी, येऊन बसला. तेव्हापासून तो उशाशीच आहे. थिएटरात लागणाऱ्या मराठी चित्रपटांचा एक नियम सांगून ठेवतो. पहिल्या आठवड्यात आम्ही परीक्षण वाचतो. दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरवतो. तोवर आपला खेळ सकाळच्या आडवेळेवर गेलेला असतो किंवा गेलेलाच असतो. मग मराठी चित्रपटाला पडदे मिळत नाहीत, यावर आम्ही पोटतिडकीने बोलतो आणि ‘ओटीटीवर आला की पाहू’ म्हणून नाव यादीत टाकतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला तेव्हा मुंबईत वर्षाहून जास्त चालला. त्या प्रेक्षकांकडे याद्या नव्हत्या. पुढारलेपणाचा केवढा अभाव!

काही जुने अर्जदार दूरदर्शनची आठवण काढून गळा काढतात, त्यांनाही उत्तर देणं भाग आहे. एके काळी रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागायचा. मल्याळी, बंगाली, कन्नड, असमिया, जे लागेल ते. खाली इंग्रजी अक्षरं. दुसरी वाहिनी नव्हती. निवड दिल्लीतल्या कुणाची आणि बूड आपलं. वरणभात जेवून पेंगणाऱ्या घरांनी त्या दुपारी असले चित्रपट पाहून टाकले, जे आज माझ्या यादीत मानाने पडून आहेत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून आहे. तिथेही तेच : कार्यक्रम मंडळ ठरवणार, आपण वेळेवर जाऊन बसायचं, आवडला नाही तर बाहेर चहावर भांडायचं. उठून दुसरा लावण्याची सोय नाही. असल्या सक्तीतून पाहणारे तयार झाले हे खरं, पण त्यांना निवडीचं स्वातंत्र्य कुठे होतं? मी मात्र रोज रात्री पाऊण तास निवडतो. नावं सरकवतो, झलक पाहतो, लांबी बघतो, कुणी काय म्हटलंय ते वाचतो. त्यानंतर चित्रपट पाहण्याइतकी रात्र उरत नाही, ही तांत्रिक बाब झाली.

ज्यांनी अर्जच केलेला नाही त्यांच्याबद्दल एक शब्द. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ सालचा चित्रपट माझ्या यादीत कधीच नव्हता. तो कुठल्याही वाहिनीवर, कुठूनही सुरू झालेला असो, हातातलं काम खाली राहतं आणि पुढचं वाक्य घरातलं लहान मूलही आधी म्हणतं. त्याने जागा मागितली नाही, त्याला शिफारसपत्र नाही, तो पाहून झाल्यावर कुणापाशी सांगण्यासारखंही काही नसतं. अशा चित्रपटांनी अर्ज करून समितीचा वेळ घेऊ नये.

उलट आदर्श अर्जदार कसा असावा, हे सांगायचं तर ‘आलम आरा’चं नाव घ्यावं लागेल. अर्देशिर इराणींचा, भारताचा पहिला बोलपट. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, गर्दी आवरायला पोलीस लागले. इतिहास आहे, मान आहे, गाणी आहेत आणि आज त्याची एकही प्रत कुठे उपलब्ध नाही. असा चित्रपट यादीत असला की जीव शांत असतो. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’लाही हीच इयत्ता मिळाली असती, पण त्याची म्हणून काही रिळं अजून दाखवली जातात, त्यामुळे थोडा तरी पाहावा लागण्याची टांगती तलवार आहे. बाकी नायट्रेटच्या फिती पेटत आल्या आहेत, कुजत आल्या आहेत. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या चित्रपटांच्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातला केवढा तरी ऐवज गेला. ते चित्रपट कुणाच्या ना कुणाच्या यादीत असतीलच.

तरी सर्व अर्जदारांनी आपापल्या जागी शांत बसावं. नवे अर्ज चालू राहतील.

कळावे,
आपला,
निवड समिती (संपूर्ण)

ता. क. — काही ओटीटीवाले ‘हा चित्रपट महिनाअखेर काढला जाईल’ अशी सूचना दाखवू लागले आहेत. ज्यांची मुदत अशी संपत आली आहे त्यांनी ती कृपया समितीला कळू देऊ नये. गेल्या खेपेस एकाची ३० तारखेला रात्री कळली आणि तो पाहावा लागला. चांगला होता. त्यामुळे आता त्याच दिग्दर्शकाचे उरलेले सगळे यादीत घ्यावे लागले आहेत.