कळवणचा कांदा आणि आक्कांचं पोट

आक्कांच्या परकराची नाडी हा सध्या आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त चघळला जाणारा विषय आहे. सकाळी बांधलेली गाठ दुपारच्या चहाला काचायला लागते, दिवेलागणीला ती चार बोटं सैल करावी लागते आणि रात्री आक्का गाऊन चढवून कुंपणापाशी येतात तेव्हा कमरेभोवती लाल वळ उठलेला असतो. "वहिनी, मला आता सातवा लागला बघा," असं त्या स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात. दोन्ही लेकी सासरी, नातू शाळेत, वय पंचावन्नच्या पुढे. हसतात खऱ्या, पण मनातून घाबरलेल्या असतात.

आमच्या दोन घरांमधलं तारेचं कुंपण नावालाच उरलंय. त्यावर वालाचा वेल इतका माजलाय की तार दिसत नाही. तिसऱ्या बाजूला सिस्टर राहतात. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहेत. गल्ली त्यांना नावाने हाक मारत नाही, सिस्टरच म्हणते. औषध त्या कुणालाही देत नाहीत. प्रश्न मात्र इतके विचारतात की माणूस घाम पुसत घरी जातो.

सिस्टर मध्ये पडेपर्यंत आक्कांच्या पोटावर सगळ्यांनी हात साफ करून घेतले होते. समोरच्या मावशींनी ओवा आणि काळं मीठ दिलं. आमच्या घरातून हिंग गेला, बेंबीभोवती लावायला. किराणा दुकानदाराने फसफसणारी पुडी दिली. ती घेतली की मोठी ढेकर येते, माणसाला वाटतं सुटलो. पण पुडीतल्या सोड्याचा पोटात वायूच होतो, आणि ढेकर येते ती बरीचशी त्याच वायूची! शिवाय त्यात सोडियम भरपूर. आक्कांना आधीच रक्तदाब. कुणीतरी हिंग्वाष्टक चूर्ण सुचवलं, पहिल्या घासाला तुपाबरोबर. त्याने आक्कांना थोडं बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. एका बाईने नजर काढली. आक्कांच्या सासूबाई, म्हणजे जिजी, खाटेवरून ओरडल्या, "काई नई व्हयनं, गॅस शे तो!"

'गॅस' म्हटलं की आमच्याकडे चौकशी संपते. छातीत दुखलं, गॅस. पाठ धरली, गॅस. सिस्टरना ह्याचाच राग आहे.

"गॅस आहे हे मलाही दिसतंय," त्या म्हणाल्या. "कशाचा आहे ते सांगा. सकाळी उठल्यावर पोट कसं असतं?"

"तेव्हा नीट असतं. सपाट."

"रोज?"

"रोजच म्हणा ना. चहा झाला की चढायला लागतं."

"भूक? वजन?"

"भूक लागते. वजन उतरलं असतं तर मी पेढे वाटले असते, सिस्टर."

सिस्टर हसल्या नाहीत. शौचाला साफ होतं का, रक्त पडतं का, रात्री दुखून जाग येते का, ताप येतो का, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं का, पाळी गेल्यावर पुन्हा कधी अंगावर गेलं का, सगळं विचारून झालं. रस्त्याने जाणारा एक मुलगा शेवटचा प्रश्न ऐकून सायकल जोरात मारत पळाला. मग सिस्टरनी निकाल दिला : आधी सोनोग्राफी, बाकी गप्पा नंतर.

आक्का म्हणाल्या, पोटफुगीला सोनोग्राफी? एवढ्याशासाठी? तेव्हा सिस्टर जे बोलल्या ते मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून जसंच्या तसं सांगते. सकाळी सपाट आणि संध्याकाळी फुगलेलं पोट बहुतेक वेळा खाण्यापिण्याचं आणि आतड्याच्या चालीचं असतं. पण पन्नाशी उलटलेल्या बाईला पूर्वी कधी नव्हती अशी पोटफुगी सुरू झाली आणि ती हटेना, तर बीजांडं पाहून घ्यायची. बीजांडाचा कर्करोग गुपचूप वाढतो आणि त्याचं सुरुवातीचं लक्षण पुष्कळदा एवढंच असतं : पोट फुगणं, लवकर भरणं, लघवीला सारखं जावं लागणं. ब्रिटनमध्ये 2011 पासून डॉक्टरांना लेखी सूचनाच आहे. अशा वयाची बाई महिन्यात 12 पेक्षा जास्त वेळा ही तक्रार सांगत असेल तर सीए-125 ही रक्ततपासणी करायची. तिथेही बायकांना आधी गॅसच सांगत असणार, त्याशिवाय अशी सूचना काढायची वेळ कशाला येते?

सोनोग्राफी झाली, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. आक्कांनी त्या आनंदात भजी तळली. कांद्याची. त्या रात्री पुन्हा अंगणात येरझाऱ्या.

त्या भज्यांवरूनच विषय निघाला. जिजी माळकरी, त्यामुळे ह्यांच्या घरात चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. आषाढात कांदेनवमीला मात्र भजी, झुणका, भरीत असं सगळं एकाच दिवशी होतं. ती रात्र दरवर्षी वाईट जाते, असं आक्का बोलता बोलता बोलून गेल्या.

सिस्टरनी वालाची शेंग तोडता तोडता हात थांबवला. "आणि त्यानंतर?"

"नंतर बरं असतं. चातुर्मासात देवाची कृपा असते."

"मग कार्तिकी झाली, तुळशीचं लग्न लागलं की देव कृपा काढून घेतो का?"

आक्का गप्प. मीही गप्प. कारण आम्ही उभ्या होतो कळवणात, आणि संशयित होता कांदा! ज्या तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्च-एप्रिलला काढणी आणि पुढे दिवाळीपर्यंत चाळीत हात घालून सडका-चांगला निवडणं ह्यावर घरं चालतात, तिथे कांद्यावर आळ घ्यायचा म्हणजे भलतंच धाडस. आक्कांचं घरच कांद्याच्या एका चांगल्या वर्षात उभं राहिलंय. ह्यांच्याकडे भाजीला वाटण कांद्याचं, आमटीला फोडणी कांद्याची आणि भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा वेगळाच.

सिस्टरनी समजावलं ते असं. कांद्यात आणि लसणात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. ती तोडणारं पाचक द्रव्य माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही, तुमच्या नाही, माझ्या नाही, पैलवानाच्याही नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. पण कुणाचं आतडं हळवं असतं, त्याला तेवढाच वायू सोसत नाही, पोट ढोलकीसारखं ताणलं जातं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी पोटात असे आंबणारे पदार्थ एकत्र करून त्यांना 'फॉडमॅप' असं नाव दिलं. त्यात कांदा-लसूण आहे, गहू आहे, दूध आहे, राजमा-छोल्यांसारखी कडधान्यं आहेत. थोडक्यात, आपलं ताट.

"मग खायचं काय, वारा?" जिजी खाटेवरून.

सिस्टरनी लगेच कांद्याला फाशी दिली नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, चातुर्मासात कांदा बंद असतो हे खरं, पण लागणीपासून काढणीपर्यंत आक्का जेवतात कशा तेही बघा. बांधावर उकिडवं बसून, मजूर खोळंबलेत म्हणून घाईघाईत घास कोंबायचे, त्याबरोबर हवा गिळायची, वर तांब्याने पाणी. चहा दिवसातून किती वेळा, तर जितक्या वेळा कुणी घरी येईल तितक्या वेळा, आणि आक्कांचा चहा म्हणजे निम्मं दूध. मोठेपणी पुष्कळ जणांच्या आतड्यातलं दुधाची साखर पचवणारं द्रव्य कमी होतं. तेच लोक दही-ताक निभावून नेतात, कारण विरजणाने ती साखर थोडी खाल्लेली असते. म्हणजे संशयित तीन : कांदा, चहातलं दूध, घाई. तिघांना एकदम कोंडलं तर चोर कोण ते कळणार नाही. एकेकाला पंधरा-वीस दिवस बाहेर ठेवायचं, बाकी सगळं जसंच्या तसं, आणि लिहून काढायचं.

आक्कांनी वही काढली ती कांद्याच्या हिशेबाची. पुढून ट्रॅक्टर, क्विंटल, भाव, हमाली. मागून : 'स. चहा, बिस्किट. पोट ठीक. दु. भाकरी, उडदाची आमटी, कच्चा कांदा. चार वाजता नाडी सैल.' ती पानं मी वाचली आहेत. कुठल्याही डॉक्टरला हेवा वाटेल अशी नोंद होती.

आधी दूध. चहा कोरा. आक्कांचे हाल झाले, पोटात फारसा फरक पडला नाही. मग कांदा बंद. नवरा म्हणाला, "ज्याच्यावर घर बांधलं त्याच्यावरच रुसली का?" जिजींना वाटलं सुनेने चातुर्मास लवकर धरला, त्या खूश. आणि आठवड्याच्या आतच वहीत 'नाडी सैल' कमी व्हायला लागलं. अगदी गेलं नाही. उडदाची आमटी झाली की यायचंच. आमच्या ह्या पट्ट्यात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी ह्यावर माणूस वाढतो, ती कोण सोडणार? त्यावर सिस्टरचा तोडगा साधा होता. कडधान्य रात्रभर भिजवायचं, ते पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात मऊ शिजवायचं आणि वाटी लहान घ्यायची. पोट फुगवणारी साखर थोडीफार त्या पाण्यातच उतरते. ह्या कुंपणावरचा वालही त्याच गोतावळ्यातला, असं म्हणून सिस्टरनी शेंगा मात्र ओच्यात भरल्या.

कांदा कायमचा सोडायचा नव्हताच. कायम सोडलं तर आतड्यातल्या चांगल्या जंतूंचीही उपासमार होते. म्हणून थोडा थोडा परत आणला. आधी हिरवी पात, कारण फ्रुक्टन पांढऱ्या गड्ड्यात जास्त, हिरव्या पानात फार कमी. ती सोसली. मग एक युक्ती : फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून कांद्याच्या मोठ्या फोडी नुसत्या तेलात परतायच्या, काढून नवऱ्याच्या ताटात टाकायच्या आणि त्या तेलात फोडणी द्यायची. वास कांद्याचा, त्रास नाही. रस्सा झाल्यावर फोडी काढून उपयोग नाही, तोवर जे उतरायचं ते उतरलेलं असतं. शेवटी कच्चा कांदा. त्याने त्याच दिवशी नाडी सैल केली. आता आक्का भाकरीबरोबर पात खातात आणि बुक्कीचा कांदा दुसऱ्यांना फोडून देतात.

ही बातमी गल्लीत पसरली आणि व्हायचं तेच झालं. ज्याला त्याला कांदा बाधायला लागला. कोपऱ्यावरच्या एका सुनेने गहू सोडला, इंटरनेटवर वाचून. सिस्टर तिच्यावर चिडल्या. गव्हातल्या ग्लुटेनने खरंच आतडं खराब होणारा सीलिॲक नावाचा आजार असतो, पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच सोडला तर तपासणी खोटी निर्दोष निघू शकते. आणि गहू सोडून ती बाई हिंग मात्र रोज खात होती. डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, हे तिला कुठे ठाऊक!

लहान मुलांच्या पोटाबद्दल सिस्टर वेगळ्या आवाजात बोलतात. जंताच्या गोळीचं ठीक आहे, 2015 पासून शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा देतातच. पण फेब्रुवारी 2025 मध्ये मेळघाटात बावीस दिवसांच्या बाळाला पोटफुगीवर उपाय म्हणून तापल्या विळ्याने डागलं, ते वाचलं तेव्हा त्या दिवसभर कुंपणाकडे फिरकल्या नव्हत्या. त्यांनीही नोकरीत पोटावर डाग घेऊन आलेली लेकरं पाहिली आहेत. आणि एक तरणा पोरगाही, डोंगरातल्या पाड्यावरचा. पोट वाढतंय, अंग वाळतंय, संध्याकाळी ताप. घरचे म्हणत होते वारं भरलंय. निघाला पोटाचा टीबी. सहा महिन्यांची सरकारी औषधं, फुकट, आणि पोरगा पुन्हा कामाला लागला.

परवा ह्या सगळ्यात नाना शिरले. नाना म्हणजे मागल्या घरचे, निवृत्त मास्तर. आवाज बारीक करून म्हणाले, "सिस्टर, मलाही आक्कांसारखंच होतंय. मी पण कांदा बंद करू?"

"कधीपासून होतंय?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीत काय नवीन सुरू झालं?"

"काही नाही. साखरेची गोळी बदलली फक्त. आणि मुलाने पुण्याहून त्या बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्या आणल्या, त्या खातो अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे?"

"पाकीट संपेपर्यंत."

सिस्टरनी कपाळावर हात मारला. साखरेवरच्या काही गोळ्या, अकार्बोज, व्होग्लिबोज ह्या जातीच्या, पिठूळ अन्न मुद्दाम हळू पचू देतात. न पचलेलं मोठ्या आतड्यात गेलं की वायू होतोच. मेटफॉर्मिननेही काहींना होतो. आणि बिनसाखरेच्या गोळ्यांत पुष्कळदा सॉर्बिटॉल असतं, त्याचंही तेच.

"म्हणजे गोळी बंद करतो," नाना.

"गोळीला हात लावायचा नाही! चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि पोटाचं सांगायचं, ते बदलून देतील नाहीतर मात्रा कमी करतील. आधी गोळ्यांची पट्टी आणा, बघू दे."

नाना आत गेले. थोड्या वेळाने खिडकीतून आवाज आला, "सिस्टर, साखरेची आणू की बीपीची?"

"दोन्ही आणा. आणि ते पुण्याचं पाकीटही!"

"ते संपलं."